आकडा लिहिण्याआधी दुसरी फळी मोजा: सन डेव्हिल्सच्या मराठी चाहत्यांना खुलं पत्र

प्रति,
टेम्पी, मेसा, चँडलर आणि आसपासचे अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे (सन डेव्हिल्सचे) समस्त मराठी चाहते,
विशेषतः टेलगेटच्या (सामन्याआधी पार्किंगमध्ये जमणाऱ्या खाण्याच्या अड्ड्याच्या) अंदाजाच्या शीटवर जुलैतच 'अकरा-एक' (अकरा विजय, एक हार) लिहून मोकळे झालेले.

विषय: यंदाच्या शीटमधले रकाने बदलण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

जुलैचा दुसरा आठवडा लागला की शीट फिरायला लागते आणि दरवर्षी तेच होतं. कोणी 'अकरा-एक' लिहितं, कोणी 'प्लेऑफ पक्का', कोणी 'क्वार्टरबॅक नवा, सीझन खल्लास'. तिघांनीही यादीतलं एकच नाव वाचलेलं असतं, क्वार्टरबॅकचं, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्याचं. 105 जणांच्या यादीतलं एक.

हे पत्र उरलेल्या 104 जणांबद्दल आहे. विजयांचा आकडा खुशाल लिहा, पण तो पहिल्या फळीकडे बघून लिहू नका. कोण जखमी झाला तर कोण उभा राहणार, हे आधी मोजा आणि मग लिहा.

खोड आपली क्रिकेटची आहे. पंधरा जणांचा संघ जाहीर होतो, अकरा खेळतात, बाकीचे पाणी नेतात. त्यामुळे अंतिम अकरा वाचली की संघ कळला, असं आपल्या अंगवळणी पडलंय. इथे ऑफेन्सचे (चढाईचे) 11, डिफेन्सचे (बचावाचे) 11, किकिंगचे वेगळे, बदली खेळाडू हवे तेवढे, आणि दर शनिवारी 140 किलोची माणसं एकमेकांवर साठ-सत्तर वेळा आदळतात. ऑगस्टमध्ये छापलेले 22 जण नोव्हेंबरात जसेच्या तसे मैदानावर दिसले तर ते नशीब समजायचं.

आपल्याच संघाचे मागचे दोन मोसम बघा. त्याआधी 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी 3-9. म्हणून 2024 च्या मोसमाआधी पत्रकारांनी बिग ट्वेल्व्ह या आपल्या कॉन्फरन्सच्या (गटाच्या) 16 संघांत आपल्याला सोळावं बसवलं. डिसेंबरात त्याच संघानं आयोवा स्टेटला 45-19 हरवून कॉन्फरन्स जिंकली आणि 1 जानेवारी 2025 ला राष्ट्रीय प्लेऑफच्या पीच बोल सामन्यात टेक्ससला दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत खेचलं. पुढच्या वर्षी बिग ट्वेल्व्हनं मोसमाआधीचा पत्रकारांचा कौल घेणंच बंद केलं. आपल्यामुळे एक अख्खा कौल बंद पडला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण 2025 मध्ये आपणच तो कौल घ्यायला लागलो. एपी वृत्तसंस्थेच्या पहिल्या क्रमवारीत अकरावा क्रमांक, क्वार्टरबॅक सॅम लेविट परत, रिसीव्हर (पास झेलणारा) जॉर्डिन टायसन परत. शीटवर दहाच्या खाली आकडा लिहिणाऱ्याला घरभेदी ठरवलं गेलं. सगळी चिंता एकाच जागेची होती: रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) कॅम स्कॅटेबो गेला, 2024 मधले त्याचे 1,711 यार्ड आता कोण धावणार? ती जागा भरली गेली. रलीक ब्राउन हजार यार्डांच्या वर धावला. खड्डा पडला तो ज्याची कोणी काळजी केली नव्हती तिथे. लेविट युटाविरुद्ध खेळू शकला नाही आणि आपण 42-10 हरलो. तो परत आल्यावर त्या वर्षीच्या टेक्सस टेकसारख्या तगड्या संघाला 26-22 हरवलं. मग पायाच्या दुखापतीनं त्याचा मोसमच संपला, टायसनला हॅमस्ट्रिंगनं बसवलं, आणि नियमित मोसमाच्या शेवटच्या सामन्यात शेजारच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडून 23-7 हार. हाती 8-4.

आता जरा उलट बाजूनं बघा. 2024 च्या नियमित मोसमात आपण दोनच सामने हरलो. त्यातल्या सिनसिनाटीच्या सामन्यात लेविट बरगडीच्या दुखण्यानं बाहेर होता. म्हणजे ही फट चमत्काराच्या वर्षीही होतीच, फक्त तेव्हा ती एका शनिवारपुरती उघडी पडली. त्या नियमित मोसमातल्या दहा विजयांपैकी सहा आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं मिळाले होते. तेव्हा आपण 'संघ कसला भारी आहे' म्हणत होतो. संघ भारी होताच, पण धडधाकटही होता.

तर आता यादी कशी वाचायची ते.

अ‍ॅथलेटिक्स विभागाच्या अधिकृत पानावरची यादी घ्या, बातम्यांतली नको. एका ओळीत क्रमांक, जागा, उंची, वजन, वर्ग, गाव आणि आधीची शाळा असते. नमुन्याला एक काल्पनिक ओळ घेऊ: 72, ओ-लाइन (क्वार्टरबॅकसमोर भिंत धरणारी रांग), 6-5, 305, आर-सोफोमोर. घाईत वाचणाऱ्याला ही ओळ म्हणजे एक धिप्पाड पोरगा. नीट वाचली तर वेगळंच दिसतं. 'आर' म्हणजे रेडशर्ट: एक वर्ष तो संघात होता, पण पात्रतेचं वर्ष खर्ची पडू दिलं नाही. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष वाचवता येऊ लागलं, म्हणून ही खूण पूर्वीपेक्षा जास्त दिसते. सोफोमोर म्हणजे पात्रतेचं दुसरं वर्ष, म्हणून संघातलं तिसरं वर्ष चालू, 305 पौंड म्हणजे सुमारे 138 किलो. आता मागच्या वर्षीच्या यादीतलं त्याचं वजन शोधा. तेव्हा 285 असेल तर वीस पौंड चढवलेत आणि गडी बहुधा तयार होतोय. 305 च होतं आणि तरी खेळवला नाही, तर कारण वजनाचं नाही, पायांचं किंवा डोक्याचं आहे. मग आधीची शाळा बघा. तिथे फक्त हायस्कूलचं नाव असेल तर तो इथेच घडलाय. दुसऱ्या विद्यापीठाचं असेल तर ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलणाऱ्यांच्या यादीतून) आलाय, आणि त्याला वेगळा हिशोब लावायचा. तो पुढे येतोच.

एकेक ओळ अशी वाचायला दोन मिनिटं लागतात. सगळी यादी वाचा असं आम्ही म्हणत नाही, पण ओ-लाइन आणि डी-लाइनच्या (बचावाच्या पुढच्या रांगेच्या) ओळी तरी वाचा.

105 कुठून आले हेही एकदा समजून घ्या, कारण अजून कितीतरी जण 85 वर अडकलेत. 85 ही शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा. तिच्यावर वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय खेळणारे) धरून संघ एकशेवीसपर्यंत जायचे. जून 2025 मध्ये न्यायालयानं 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या शाळांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन डोक्यांची मर्यादा आली: 105. सोबत शाळेनं खेळाडूंना थेट द्यायच्या पैशांवर पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची कमाल मर्यादा, तीही सगळे खेळ मिळून. त्यामुळे क्वार्टरबॅकवर जास्त उधळलं की कुठेतरी कमी पडतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या फळीतल्या लाइनमनवर कमी पडतं. तो कोणाच्या बातमीत नसतो ना!

105 ची वाटणी साधारण अशी धरा: क्वार्टरबॅक 5, रनिंग बॅक 6, रिसीव्हर 13, टाइट एंड (अडवणारे आणि झेलणारेही) 7, ओ-लाइन 18, डी-लाइन 18, लाइनबॅकर (डी-लाइनच्या मागचे) 13, सेकंडरी (सगळ्यात मागचा बचाव) 20, किकिंगचे 5. प्रत्येक कोच एक-दोनचा फरक करतो, ते ठीक. पण ओ-लाइन 15 च्या खाली दिसली तर पेन खाली ठेवा आणि विचार करा.

ओ-लाइनवर आम्ही अंमळ जास्त बोलणार आहोत, कारण शीटवर तिच्याबद्दल आजवर कोणी अक्षर लिहिलेलं नाही.

जागा पाच: डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल. पहिल्या फळीत पाच म्हणून दुसऱ्या फळीत पाच, असा सरळ हिशोब इथे नसतो. बहुतेक कोच भरवशाचे आठ धरतात: पाच खेळणारे, एक राखीव टॅकल, एक राखीव गार्ड आणि एक सेंटरचा स्नॅप (पायांमधून मागे बॉल) टाकू शकणारा. गोची अशी की डावा टॅकल पडला तर अनेकदा उजवा टॅकल डावीकडे सरकतो आणि राखीव गडी उजवीकडे येतो. दुखापत एक, पण बदललेल्या जागा दोन, आणि शेजारच्या गार्डांना दोन्ही बाजूंना नवा जोडीदार. पास-रशमध्ये (क्वार्टरबॅकवर चाल करून येताना) डिफेन्सचे दोघं एकमेकांच्या मागून फिरून येतात, तेव्हा गार्ड आणि टॅकलनं 'तो तुझा, हा माझा' ही अदलाबदल अर्ध्या सेकंदात करायची असते. शेकडो वेळा शेजारी उभं राहिल्याशिवाय ती जमत नाही. मग क्वार्टरबॅक आपटतो आणि आपण म्हणतो, क्वार्टरबॅकच नाजूक आहे.

सेंटरची गोष्ट तर आपल्या गावात आणखी वेगळी. सप्टेंबरच्या सुरुवातीला टेम्पीत संध्याकाळी सातलाही पारा 38 च्या आसपास असतो. सेंटर घामानं निथळतोय, हात ओला, बॉल ओला, आणि तोच बॉल पायांमधून पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या छातीवर पोचायला हवा. मुरलेला सेंटर दोन प्लेंच्या मध्ये हात टॉवेलला पुसतो, बॉल शिवणीवर पकडतो आणि मनगट फार फिरवत नाही. नवखा घाईत घसरता स्नॅप टाकतो, बॉल पायाशी लोळतो आणि सेकंड-अँड-फोरचा (दुसरा प्रयत्न, चार यार्ड हवेत) थर्ड-अँड-फिफ्टीन होतो. म्हणून सलामीच्या सामन्याआधी नुसतं 'सेंटर कोण' विचारू नका, 'दुसरा सेंटर कोण आणि त्यानं खऱ्या सामन्यात किती स्नॅप टाकलेत' ते विचारा.

अनुभव मोजायची सोपी रीत अशी. एका सामन्यात ऑफेन्सचे सुमारे 65 प्ले (एकेक चाल) धरा. 12 सामने गुणिले 65 म्हणजे एका जागेचे 780 स्नॅप (म्हणजे खेळलेले प्ले), पाच जागांचे 3,900. मागच्या वर्षी इथे खेळलेले जे लाइनमन यंदाही यादीत आहेत, त्यांच्या स्नॅपची बेरीज करा आणि 3,900 नं भागा. साठ टक्क्यांच्या वर असेल तर निर्धास्त राहा. चाळीसच्या खाली असेल तर तुमच्या लाडक्या आकड्यातून दोन विजय कापा, मग क्वार्टरबॅक कोणीही असो. हा आमचा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. पण 'यंदा काहीतरी वेगळं वाटतंय' यापेक्षा बरा.

पोर्टलमधून आलेल्यांचे स्नॅप या बेरजेत मिसळू नका, वेगळ्या ओळीत लिहा. त्यांच्याबाबत तीन गोष्टी बघायच्या. एक, ते स्नॅप कोणत्या पातळीवर खेळलेत. खालच्या विभागातले 800 आणि बिग टेनसारख्या बड्या कॉन्फरन्समधले 800 एका तराजूत घालता येत नाहीत. दोन, कोणत्या जागेवर. गार्ड म्हणून खेळलेल्याला इथे टॅकल केलं असेल तर अर्धा अनुभव वजा. तीन, आला कधी. जानेवारीत वर्गात बसलेल्याला वसंतातले 15 सराव मिळतात, उन्हाळ्यात आलेल्याला ते मिळत नाहीत, आणि लाइनमध्ये त्या पंधरांची किंमत सगळ्यात जास्त.

'अजून कोणीतरी येईल बघ' म्हणणाऱ्यांसाठी खास सूचना. पूर्वी एप्रिलमध्ये पोर्टलची दुसरी खिडकी उघडायची. वसंतात भोक दिसलं की तिथून बुजवता यायचं. ती आता गेली. 2026 साठी एकच खिडकी होती, 2 ते 16 जानेवारी. म्हणजे मार्च-एप्रिलच्या सरावात उघडी पडलेली उणीव ऑगस्टमध्येही बहुतांशी तशीच असणार. जुलैत छापलेली यादी हीच तुमची यादी. वाट बघू नका, मोजायला लागा.

डी-लाइनचं थोडक्यात. तिथे चार जागा असल्या तरी आठ माणसं लागतात, कारण ते आलटून-पालटून खेळतात, आणि आपल्या हवेत तर जास्तच. 65 प्लेंपैकी चाळीस-पंचेचाळीसच्या वर एकाच डी-टॅकलला (मधल्या गड्याला) खेळवावं लागलं की चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे पाय जड होतात आणि समोरचा संघ मधूनच धावायला लागतो. यादीत 290 पौंडांच्या वरचे, किमान दोन वर्षं खेळलेले चार जण सापडतात का, एवढं बघा. एजला (रांगेच्या टोकाला) वेगवान पोरगा मिळून जातो. मधले जाडजूड गडी मात्र सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून पोर्टलमध्ये त्यांना भाव असतो.

रिसीव्हर, सेकंडरी, रनिंग बॅक: इथे हुशार नवखा पहिल्याच वर्षी चालून जातो. भरतीचे तारे (हायस्कूलच्या खेळाडूंचं मानांकन) बघायचे तर इथे बघा. अठरा वर्षांच्या चार-तारा रिसीव्हरकडून सप्टेंबरात काहीतरी मागता येतं. अठरा वर्षांच्या चार-तारा टॅकलकडून मागायचं नसतं. त्याला दोन वर्षं जेवू द्या.

कॅम्पच्या बातम्यांवर किती विसंबायचं? ऑगस्टमध्ये पेसनजवळच्या कॅम्प टोंटोझोनातून फोटो येतात, मागे पाइनची झाडं, पोरं हसतायत, आणि आपला आकडा एकानं वाढतो. नियम बघा: मोसमाआधी एकूण 25 सराव, पहिले सात दिवस अंगाला सवय होण्याचे, पूर्ण पॅड घालून जास्तीत जास्त नऊ आणि खरी टक्कर असलेल्या पूर्ण स्क्रिमेज (आपसातले सराव सामने) दोन. म्हणजे लाइनमन खरोखर किती पाण्यात आहे हे कोचलाही मोजकेच दिवस दिसतं. 'अमुक जण चमकतोय' ही बातमी सोडून द्या. दुसऱ्या फळीच्या टॅकलला आज कोणी रेप्स (सरावातल्या पाळ्या) घेतल्या, ती जागा रोज बदलते का, हे शोधा. दोन आठवड्यांत तीन नावं आली तर तिथे कोणीच नाही, असं खुशाल समजा.

आता किकिंगचे पाच. यांच्याबद्दल बोललं की टेलगेटला लोक वडापाव घ्यायला उठून जातात. ऑक्टोबर 2024 आठवा. सिनसिनाटीच्या त्याच 24-14 पराभवात फील्ड गोल (गोलपोस्टमधून मारायच्या किक) हुकले आणि कोच केनी डिलिंगहॅमनी सामन्यानंतर जाहीरपणे सांगितलं की सोमवारी किकरची खुली चाचणी, विद्यापीठात कोणाला किक मारता येत असेल तर या. दोन महिन्यांनी कॉन्फरन्स जिंकणाऱ्या संघाची ही कथा. मोसमाआधी आपल्यापैकी किती जणांनी शीटवर किकरचं नाव लिहिलं होतं?

आणि लाँग स्नॅपर. पंटच्या (लाथेनं बॉल लांब टोलवण्याच्या) वेळी त्याला बॉल पायांमधून साधारण पंधरा यार्ड मागे, पाऊण सेकंदात, पंटरच्या कमरेशी पोचवायचा असतो, आणि लगेच मान वर करून समोरच्याला अडवायचं असतं. फील्ड गोलला अंतर सात-आठ यार्ड, पण होल्डरच्या हातात बॉल आला की शिवण गोलपोस्टकडे वळवायला त्याच्याकडे पापणी लवेपर्यंतचा वेळ. स्नॅप फूटभर उंच गेला की किकरची लय तुटते आणि शिव्या किकर खातो. संघात खरा लाँग स्नॅपर एक, फार तर दोन. त्याचा घोटा मुरगळला तर कोण, याचं उत्तर बहुतेक संघांकडे 'बघू' असं असतं.

क्वार्टरबॅक शेवटी घेतला, मुद्दाम. पहिला कोण यावर तुम्ही तीन महिने बोललेलाच आहात. दुसऱ्याबद्दल तीन प्रश्न: त्यानं या पातळीवर किती सामने सुरुवातीपासून खेळलेत? तो याच कोऑर्डिनेटरच्या (ऑफेन्सच्या चाली ठरवणाऱ्या कोचच्या) हाताखाली किती दिवस आहे? आणि तो आला तर कोचला प्लेबुक किती बदलावं लागेल? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. राखीव क्वार्टरबॅक जेफ सिम्सच्या हाती नोव्हेंबर 2025 मध्ये सूत्रं आली तेव्हा आयोवा स्टेटविरुद्ध त्याला मनसोक्त धावू दिलं, तो दोनशे यार्डांच्या वर धावला आणि आपण 24-19 जिंकलो. ज्या दिवशी धावणं अडवलं गेलं त्या दिवशी मात्र पर्याय उरला नाही. राखीव क्वार्टरबॅक 'चांगला' की 'वाईट' असं विचारून काही कळत नाही. त्याच्यासोबत अख्ख्या ऑफेन्सला वेगळं खेळता येतं का, ते विचारा.

यंदापासून शीट अशी असेल. पहिल्या रकान्यात ओ-लाइनचे आठ, जागांसकट. दुसऱ्यात परतणाऱ्या स्नॅपची टक्केवारी, तिसऱ्यात पोर्टलच्या लाइनमनचे स्नॅप आणि आधीची शाळा. चौथ्यात दुसरा सेंटर. पाचव्यात 290 च्या वरचे चार डी-टॅकल. सहाव्यात दुसरा क्वार्टरबॅक आणि वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं. सातव्यात किकर, आठव्यात लाँग स्नॅपर. विजयांचा आकडा नवव्यात, आणि त्याच्याशेजारी दोन उपआकडे: क्वार्टरबॅक बाराही सामने खेळला तर किती, चार हुकले तर किती. दोन्हींत फरक शून्य लिहिणाऱ्याला टेलगेटला येऊन कारण सांगावं लागेल.

मोसम सुरू झाल्यावर शीट खिशात घालून विसरू नका. 2025 पासून बिग ट्वेल्व्हमध्ये कॉन्फरन्स सामन्यांआधी कोण उपलब्ध, कोण शंकास्पद, कोण बाहेर याचा अहवाल जाहीर होतो. तो उघडा, पहिल्या रकान्यातल्या आठ नावांवर बरोबरची खूण करत जा. सहाच्या खाली आलो तर त्या शनिवारी घरी पैज लावू नका.

शीट सलामीच्या सामन्याच्या आदल्या गुरुवारी रात्री नऊला बंद होईल. आठवा रकाना मोकळा असलेली शीट बाद धरली जाईल, आणि 'लाँग स्नॅपर: जो असेल तो' हेही उत्तर चालणार नाही.

आपले नम्र,
टेलगेटची यादी मोजणारी चार टाळकी